साधा दगड

ऑक्टोबर लागला की आमच्या शेडवर गोळीबार सुरू होतो. ओकच्या झाडाखाली पत्र्याची शेड बांधायची अक्कल कुणाला सुचली कोण जाणे, पण वारा सुटला की वरून एकेक फळ असं आदळतं की इतकी वर्षं झाली तरी माझ्या हातातला झारा कढईत पडतो. पलीकडच्या मक्याच्या शेतात तर खऱ्याच बंदुका येतात. शिकारी लोक हिरवे बूट घालून बांधावर उभे राहतात, आणि थोड्या वेळानं कुत्रा तोंडात मान लोंबणारं बदक घेऊन पळताना दिसतो. रस्त्यावर फुटलेल्या फांद्या, चाकाखाली चिरडलेल्या गोगलगायी, वाऱ्यानं उलट्या झालेल्या छत्र्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलेल्या. मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर लाल-पिवळ्या पानांचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘किती रोमँटिक!’ मला हा ऋतू कधीच रोमँटिक वाटला नाही. मारकुट्या बैलासारखा आहे तो, शिंगं रोखूनच येतो.

आमचं गाव हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या बाजूला, बेस्ट नावाच्या गावाच्या पुढं. माझा नवरा मंदार तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याच्यामागून आलेली. पहिली दोन वर्षं खिडकीतून पाऊस बघितला, मग कंटाळून चकल्या तळायला घेतल्या. आता आइंडहोवन परिसरातल्या मराठी घरांत दिवाळीचा फराळ माझ्याकडून जातो. त्यामुळं ऑक्टोबर म्हटलं की बाहेर गोळीबार आणि आत भाजणीचा वास, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा बसलाय. त्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर इथं आले होते.

अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी घाटात. निवृत्त झाले तरी रस्त्याकडं बघायची नजर ड्रायव्हरचीच राहिली. आम्ही दोघं रोज सकाळी माझ्या मुलीला, सईला, शाळेत सोडायला चालत जायचो. गाव संपतं तिथून एक रस्ता माळाकडं जातो, त्याच्यावर शाळा. पहिल्याच दिवशी चौकात अण्णा थांबले. तिथं खांबाला साखळीनं बांधलेली एक सायकल आहे, चाकापासून हँडलपर्यंत पांढरी रंगवलेली, बास्केटमध्ये प्लॅस्टिकची फुलं.

“हितं कोण गेलं गं?” अण्णांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“सायकल अशी रंगवून कोण बांधतंय व्हय? माणूस गेलंय हितं.”

वळणाऱ्या ट्रकखाली एक कॉलेजची मुलगी गेली होती तिथं. मी सांगितलं. अण्णांनी उजवा हात छातीला लावला, मग कपाळाला. घाटातल्या देवळासमोरून गाडी काढताना स्टेअरिंगवरचा हात उचलून करायचे, अगदी तसंच.

मग रोज नवी जागा. शाळेच्या अलीकडं एक गवताळ टेकाड आहे, लोक कुत्री फिरवतात तिथं. जुन्या काळात तिथं फाशी देत आणि प्रेतं महिनोन् महिने लटकत ठेवत, बाहेरून येणाऱ्याला गावात शिरतानाच जरब बसावी म्हणून. गेमेन्टेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, तशी पाटीच लावलीय. मी ती वाचून दाखवली, तेव्हा मला वाटलं अण्णा हबकतील. ते म्हणाले, “जागा बरोबर निवडली. शिवंवर. गावाच्या पोटात कोण रक्त सांडत न्हाई.” पुढं मेरीचं एक बुटकं देऊळ लागतं, आत चारदोन मेणबत्त्या कायम जळत असतात. अण्णांनी तिथं कुणाचं काय ते न विचारताच एक मेणबत्ती लावली. परक्या मुलुखात आठ दिवसांत त्यांना अख्खा रस्ता पाठ झाला होता, आणि मी चार वर्षं तिथं राहत होते.

शाळेच्या वळणावर ओकच्या झाडाखाली एक दगड आहे. गुडघ्याएवढा, न घडवलेला, काळपट. त्या दिवशी वारा सुसाट होता, सई रडत होती, शाळेची घंटा झाली होती. दगडाच्या पायथ्याशी पानांचा ढीग साचलेला. अण्णा तिथं थांबले.

“आणि हितं?”

“काही नाही हो अण्णा. साधा दगड आहे. चला.”

त्यांनी तरीही हात छातीला लावून कपाळाला लावला, आणि आम्ही चालू लागलो.

अण्णांच्या घाटात वळणांना मेलेल्यांची नावं होती. ‘जीपवाल्याचा उतार’, ‘वऱ्हाडाची दरड’. डेपोतले लोक ही नावं इतक्या सहज घेत की नवा कंडक्टर ती गावांचीच नावं समजायचा. त्यातलंच एक ‘हौसाचं वळण’. ते अण्णांमुळं पडलेलं नाव.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. भातकापणीचे दिवस, परतीच्या पावसानं रस्त्यावर लाल चिखल. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई वळणावर रस्ता ओलांडायला आली. भाऱ्याचं गवत डोळ्यांवर आलेलं. अण्णांनी ब्रेक दाबला, गाडी चिखलावरून घसरत गेली. उजवीकडं दरी होती, समोर हौसाबाई, आणि मागं गच्च भरलेली गाडी. अण्णांनी स्टेअरिंग फिरवलं नाही.

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी अण्णांना दारातून नाही, खिडकीतून बाहेर ओढलं. दगड, काठ्या, खुरप्यांच्या मुठी, जे हाताला लागलं ते. पॅसेंजर आपापल्या सीटवर बसून बघत होते. ज्यांच्यासाठी स्टेअरिंग फिरलं नाही त्यांतला एकही खाली उतरला नाही. अण्णांचा जबडा मोडला, डावा कान कायमचा गेला. दवाखान्यात मी त्यांना बघायला गेले तेव्हा चेहरा ओळखू आला नाही. सुजलेल्या हातावरच्या घड्याळावरून मी त्यांना ओळखलं.

चौकशीत ते निर्दोष सुटले आणि कामावर परत गेले. त्याच रस्त्यावर. पण आमच्या घरात हौसाबाईचं नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही. आईची तशी सक्त ताकीद होती. फारच वेळ आली तर ‘तो ताप’ म्हणायचं. घरच्यांनी केलेली ही माया अण्णांसाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार होती, हे मला फार उशिरा कळलं.

हौसाबाईच्या माणसांनी वळणावर तिच्या नावाचा एक दगड बसवला होता. दरवर्षी कोजागरीच्या आदल्या दिवशी अण्णा शेंदूर, तेल आणि नारळ घेऊन तिथं जायचे. दगडाला शेंदूर लावायचे, नारळ फोडायचे. तेवढ्यात वरच्या बांधावर हौसाबाईचा मुलगा महादू येऊन उभा राहायचा, हातात विळा. तो अण्णांना शिव्या द्यायचा. आईवरून, बहिणीवरून, सात पिढ्यांवरून. अण्णा खाली मान घालून सगळ्या ऐकून घ्यायचे आणि शेवटची शिवी संपली की परत फिरायचे. एका वर्षी महादूनं दगड भिरकावला, अण्णांची भुवई फाटली. टाके घालून घरी आले आणि त्या दिवशी पोटभर जेवले. आणि ज्या वर्षी महादू कुणाच्या तरी मयताला गेला होता, बांधावर कुणीच आलं नाही, त्या वर्षी घरी येऊन त्यांनी ताट तसंच सरकवलं. मी पंधरा वर्षांची असेन. आमचे अण्णा शिव्या खायला जातात आणि शिव्या मिळाल्या तरच त्यांना अन्न गोड लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

इथं तिकीट काढताना कोजागरी मध्येच येतेय हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं. मला वाटलं, एक वर्ष चुकलं की सवय मोडेल. बापाला सुधारायला निघाले होते मी.

कोजागरीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी मी चकलीची उकड मळत होते. अण्णा ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेले आणि तासाभरानं आले. हात धुतले, चहा घेतला, सईला गोष्ट सांगितली. करंज्यांसाठी आणलेल्या नारळांतला एक कमी होता, पण मला वाटलं मंदारनं चटणीला वापरला असेल. संध्याकाळपासून वादळ सुरू झालं. गेमेन्टेनं घराबाहेर पडू नका म्हणून कळवलं. सकाळी उठून बघितलं तर आमच्या शेडचा पत्रा एका कोपऱ्यातून उचकटून वर आला होता आणि समोरच्या घराची चिमणी अंगणात पडली होती. सईला मंदारनं गाडीनं शाळेत सोडलं.

नऊ वाजता बेल वाजली. दारात यान उभा होता, समोरचा म्हातारा. पूर्वीचा गवळी, गाई विकून आता भोपळे पिकवणारा. मला सायकल त्यानंच शिकवली, म्हणजे मी चालवायची आणि त्यानं रस्त्यावर उभं राहून ओरडायचं. माणूस तोंडानं फटकळ, पण दाराशी भोपळा ठेवून न सांगता जाणारा. मला वाटलं चिमणीचं सांगायला आलाय. पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझ्या बापाच्या दगडावर कुणीतरी रक्त ओतलंय,” तो म्हणाला.

“कुठला दगड?”

“तू रोज जातेस त्याच्याजवळून. शाळेचं वळण.”

मग दारात उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, पावसाचं पाणी टोपीवरून नाकावर ठिबकत असताना. महायुद्धाच्या शेवटाकडची गोष्ट. जर्मन सैन्य मागं हटत होतं. कुणीतरी त्यांची टेलिफोनची तार कापली. त्यांनी गावातली पाच माणसं घरातून ओढून काढली, त्या वळणावर ओळीनं उभी केली आणि गोळ्या घातल्या. प्रेतं दोन दिवस उचलू दिली नाहीत. यानचा बाप त्यातला एक. यान तेव्हा आईच्या पोटात होता. आईला दूध घालायला त्याच रस्त्यानं जावं लागायचं, आणि दोन दिवस ती नवऱ्याच्या उघड्या तोंडात पाऊस पडताना बघत गेली. पायथ्याशी पितळी पट्टी आहे, तिच्यावर पाच नावं आहेत. दर शरदात यान पानं झाडून ती पट्टी घासतो. आज घासायला गेला, तर दगड लालभडक, पाऊस आणि तेल मिळून लाल ओघळ नावांवरून खाली आलेले, आणि भोवती नारळाच्या करवंटीचे तुकडे.

“सापडू दे तो हरामखोर,” यान म्हणाला, “बोटं मोडीन त्याची. एकेक करून.”

माझ्या मागं अण्णा चहाचा कप घेऊन येऊन उभे राहिले होते. यानला बघून ते हसले. याननंही, तेवढ्या रागातही, शेजारधर्म म्हणून मान हलवली. कपाच्या कानाभोवती अण्णांची बोटं होती, आणि नखांच्या कडांत शेंदूर होता.

मी काहीतरी पुटपुटले आणि दार लावलं.

सिंकच्या मागं स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. काठाला लाल रेघ. मी मंदारला ऑफिसात फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, “कुणाला काही बोलू नकोस. पोलीस कम्प्लेंट झाली तर? रेसिडेन्स परमिटचं रिन्यूअल चालू आहे आपलं. पाऊस धुऊन टाकेल.” पाऊस तेल धूत नाही, हे इंजिनिअरला कुणी सांगायचं?

फोन ठेवला आणि मी अण्णांवर फिरले. राग माझ्या नाकावरच असतो, पण तो दिवस वेगळा होता. यानच्या बापाचं उघडं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी चार वर्षं त्या पट्टीपाशी वाकले नव्हते, तेही होतं. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायला फार सोपा जातो. हातातला झारा मी भिंतीवर फेकला. गरम तेलाचे शिंतोडे टाइल्सवर उडाले आणि एक थेंब अण्णांच्या मनगटावर पडला.

“माणूस मारलात ते मारलात,” मी ओरडले, “आता जगभरचे दगड रंगवून कुणाला फसवताय? हौसाबाईला तुम्ही मारलंत अण्णा. तुम्ही! शेंदूर फासून ती उठून येणार आहे का?”

आमच्या घरात ते नाव पंचवीस-सव्वीस वर्षांनी निघालं, आणि ते माझ्या तोंडून असं निघालं.

अण्णांनी कप ओट्यावर ठेवला. मनगट पुसलं नाही. “बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले.

मग विचारलं, “कुणाचा दगड हाय त्यो?” मी सांगितलं. पाच माणसं, गोळ्या, दोन दिवस, पाऊस. ते ऐकत राहिले.

“मग तू साधा दगड हाय का म्हणालीस?”

दोष देण्याचा सूर त्यात अजिबात नव्हता. अण्णांनी स्वेटर चढवला, माकडटोपी घातली आणि दार उघडून रस्ता ओलांडायला लागले. मी पिठाच्या हातांनीच मागं धावले. ते यानची बेल वाजवून उभे होते.

याननं दार उघडलं. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले, पालथे, नखं वर. यानला आधी वाटलं म्हातारा काहीतरी मागतोय. मग त्याची नजर नखांवर गेली आणि तिथंच थांबली. मी तोंड उघडायच्या आत त्यानं अण्णांच्या थोबाडीत मारली. गाईंची आचळं पिळून पिळून कमावलेला हात होता तो. अण्णा भेलकांडले, माकडटोपी चिखलात पडली. त्यांनी हात वर केला नाही, तोंड झाकलं नाही. सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “त्याला सांग, आणखी मारलं तरी चालंल.”

यानचा हात परत वर गेला होता. “काय म्हणतोय?” तो माझ्यावर खेकसला.

मी सांगितलं. हात तसाच हवेत थोडा वेळ राहिला आणि खाली आला. यान दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होता. “का केलं हे?” त्यानं विचारलं.

माझं डच समजण्यापुरतं बरं, पण बोलायला तेव्हा भाजी-दूध घेण्याएवढं. त्यात मला हे सांगायचं होतं. मी म्हटलं, आमच्याकडं जो रस्त्यावर मारला जातो, त्याचा दगड लावतात. आणि त्या दगडाला हा रंग देतात. तो आपला आहे, त्याला कुणी विसरलेलं नाही, असं कळावं म्हणून. हे रक्त नव्हे, हा मान आहे.

“माझा बाप तिथं मारला गेला हे ह्याला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. दगड बघून त्याला कळलं. मी तर साधा दगड आहे म्हणून सांगितलं होतं.”

यान अण्णांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. ती नजर थपडेपेक्षा जास्त लागली. माझ्या हातचं सूप खाल्लेला, मला सायकल शिकवलेला माणूस होता तो.

“त्याला हेबी सांग,” अण्णा म्हणाले, “की म्या एक बाई मारलीय. गाडीखाली. काल तिथं जायचा दिस होता, जाता आलं न्हाई.” मी एकेक शब्द जुळवून सांगितलं. परक्या भाषेत ती वाक्यं फार छोटी झाली. यान आत गेला आणि दोन ब्रश, एक बादली आणि फरशी पुसायचा हिरवा पातळ साबण घेऊन बाहेर आला.

आम्ही तिघांनी दगड घासला. मध्येच गारा पडल्या, मानेवर, हातांवर चाबकासारख्या. कुणी उठलं नाही. दगडाची छिद्रं शेंदूर सोडत नव्हती. लाल फेस गवतात वाहत होता, आणि शाळेतून मुलांना घ्यायला आलेल्या आया सायकली थांबवून आमच्याकडं बघत होत्या. यान त्यांच्यावरही ओरडला, “काय बघताय? घरातल्याच माणसाकडून चूक झालीय.” सकाळी कळवलेल्या पोलिसांनाही त्यानं फोन करून तेच सांगितलं.

पट्टी स्वच्छ झाल्यावर अण्णांनी मला नावं वाचायला लावली. मी एकेक वाचत गेले, ते मागून म्हणत गेले. उच्चारांची पार वाट लागत होती आणि यान दरवेळी चिडून दुरुस्त करत होता. बापाच्या नावापाशी त्यानं अण्णांना पाच वेळा म्हणायला लावलं, बरोबर येईपर्यंत. दगडाला मधोमध एक चीर आहे. तिच्यातला शेंदूर काही केल्या निघेना. शेवटी याननं ब्रश बादलीत टाकला आणि म्हणाला, “राहू दे.” परत येताना अण्णांचा गाल सुजून निळा झाला होता.

अण्णा भारतात परत गेले. मी त्यांची माफी मागितली नाही. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, गुडघे, टोमॅटोचा भाव, सईची शाळा, असं सगळं बोलणं व्हायचं, आणि जीभ त्या एका गोष्टीपाशी आली की आपोआप मागं फिरायची. पुढच्या कोजागरीच्या सुमारास आई फोनवर म्हणाली, “ह्या वर्षी काय झालं कोण जाणे, तिकडून आले आणि दोनदा भात घेतला त्यांनी.” मला वाटलं, महादूनं या वर्षी जास्तच शिव्या दिल्या असतील.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. झोपेत, अगदी शांतपणे. त्यांना असं शांत मरण आलं याचंच मला नवल वाटलं.

गेल्या वर्षी शाळेला शरदाची सुटी लागली तेव्हा मी एकटी भारतात गेले आणि कोजागरीच्या आदल्या दिवशी शेंदूर, तेल, नारळ घेऊन हौसाच्या वळणावर उतरले. रस्ता आता रुंद झालाय. डोंगर फोडलाय, उघड्या खडकावर सुरुंगांची भोकं दिसतात. दगड मात्र कुणीतरी उचलून वरच्या अंगाला नीट बसवला होता. मी शेंदूर लावला, नारळ फोडला आणि बांधाकडं बघत उभी राहिले. मला शिव्या हव्या होत्या. बापाच्या वाटणीच्या आणि त्याहून जास्त माझ्या वाटणीच्या. बापाला बोललेल्या एका वाक्याबद्दल मला कुणीतरी धारेवर धरायला हवं होतं, आणि या जगात तसं करेल असा एकच माणूस मला माहीत होता.

महादू आला. केस पांढरे, पुढचे दोन दात पडलेले, हातात विळा तसाच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ड्रायव्हर का न्हाई आला?”

“अण्णा गेले. मी त्यांची मुलगी.”

त्यानं विळा खाली ठेवला. बांधावर बसला. म्हणाला, “मग आता म्या शिव्या कुणाला द्यायच्या?”

“मला द्या,” मी म्हटलं.

“तू ती हालंडची पोरगी ना?” त्यानं विचारलं. मी मान हलवली. “तिकडनं आला तवा सांगत हुता. म्हणला, महादू, माझी पोरगी माझ्या तोंडावर बोलली. तुझ्या आईचं नाव घिऊन बोलली. म्हणला, माझ्या घरात तुझी आई पहिल्यांदा आली. रडत हुता, आन् हासतबी हुता येड्यासारका.” त्यानं पायाखालचा एक खडा उचलून परत टाकला. “त्या साली न्हाई दिल्या म्या शिव्या. नारळ फोडला त्यो आमी दोघांनी हितंच बसून खाल्ला.”

मी तिथं किती वेळ बसले ते आठवत नाही. खाली एक एस.टी. वळण घेऊन गेली. ड्रायव्हरनं स्टेअरिंगवरचा हात उचलून छातीला लावला, मग कपाळाला. महादूनं नारळाचा एक तुकडा विळ्यानं खरवडून काढून माझ्या हातावर ठेवला आणि शेतात निघून गेला. मला एकही शिवी मिळाली नाही. घरी आले तर जेवण गेलं नाही.

आता परत ऑक्टोबर आहे. शेडवर गोळीबार चालू आहे. यान ऐंशीच्या पुढं गेलाय, गुडघे वाकत नाहीत. काल सकाळी तो घडीचं स्टूल काखेत मारून दारात आला आणि म्हणाला, “चल, पानं साचलीत.” मी बादली घेतली, हिरवा साबण घेतला. तो ओकखाली स्टुलावर बसला आणि मी चिखलात गुडघे टेकून पट्टी घासायला लागले. वारा असा की बादली लवंडत होती. पलीकडच्या शेतात बंदुका वाजत होत्या, आणि दरवेळी यानचे खांदे दचकत होते. ऐंशी वर्षं झाली, तो तेव्हा जन्मलाही नव्हता, तरी दचकतो. दगडाच्या चिरेत लाल रेघ अजून आहे, बारीक, माहीत नसलेल्याला दिसणार नाही. यान तिला ब्रश लावू देत नाही.

मी नावं मोठ्यानं वाचली. तिसऱ्या नावाला तो खेकसला, “परत म्हण.” मी परत म्हटलं. “परत! इतकी वर्षं इथं राहतेस, कान विकलेस का?” मग माझ्या हाताकडं बघून, “असं घासतात? पितळेला ओरखडे काढतेस मूर्खासारखे. अक्कल नाही तुला. चार वर्षं ह्याच्यासमोरून गेलीस आणि दगड म्हणालीस ह्याला! तुझा बाप बरा घासत होता.”

मी मान खाली घालून घासत राहिले. त्याचं बोलून संपेपर्यंत उठले नाही. घरी आले, हात धुतले, आणि दुपारी दोनदा भात वाढून घेतला.